बसून बसून धरलेली कंबर: आधी बैठक, मग खुबे, पाठ सगळ्यात शेवटी

कंबर धरलेला माणूस सकाळी उठल्या उठल्या काय करतो? खाली वाकून पायाचे अंगठे पकडायला बघतो. पाठीत ताण बसतो, क्षणभर बरं वाटतं, आणि दुपारपर्यंत दुखणं दुप्पट होतं. पंधरा दिवस असं करून तो माझ्यासमोर येऊन बसतो आणि म्हणतो, "मॅडम, व्यायाम तर रोज करतोय, तरी कमी नाही."

त्याचा आळस नाही, क्रम चुकलेला असतो. खुर्चीत पोक काढून बसलं की कंबर आठ-नऊ तास पुढेच वाकलेली असते. मणक्यांच्या मागचे स्नायू आणि त्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध दिवसभर ताणलेलेच असतात. संध्याकाळी ते आखडल्यासारखे वाटतात, पण आखूड झालेले नसतात, दमलेले असतात. आखडतात ते खुब्याच्या पुढचे स्नायू, मांडीमागचे स्नायू आणि छातीचे स्नायू. दुखतं एका जागी आणि ताण द्यायचा असतो दुसऱ्याच जागी. दमलेल्या पाठीला पुन्हा पुढे वाकवलं तर ती कुरकुरणारच.

टप्पे खाली दिलेल्या क्रमानेच करा. तुम्ही व्यायाम शोधत आला आहात आणि थेट चौथ्या टप्प्यावर जाणार, याची कल्पना आहे. तरीही पहिले तीन टप्पे वगळून चौथा केलात तर नळ चालू ठेवून लादी पुसल्यासारखं होईल.

## सुरू करण्याआधी: ही लक्षणं असतील तर व्यायाम नको

बसून होणारी बहुतेक कंबरदुखी साधी असते आणि काही आठवड्यांत उतरते. पण खालीलपैकी काही असेल तर घरगुती उपाय थांबवा.

- लघवी अडणं, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, किंवा सायकलच्या सीटला टेकतो तो दोन मांड्यांमधला भाग बधिर होणं. यात रात्र जाऊ द्यायची नाही. ताबडतोब मोठ्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग गाठायचा.
- पाऊल उचलायला जड जाणं, चालताना पायातून चप्पल निसटणं, पायातली ताकद दिवसागणिक कमी होणं.
- संध्याकाळचा बारीक ताप, भूक मंदावणं, वजन घटणं, झोपेतून जागं करणारं दुखणं. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून आढळतो आणि तो सुरुवातीला साध्या कंबरदुखीसारखाच वाटतो.
- पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं. वय साठीच्या पुढे असेल किंवा बरीच वर्षं स्टेरॉइड चालू असतील, तर साधं घसरून बसणंही यात धरायचं.
- पूर्वी कर्करोग झालेला असणं.

अजून एक प्रकार बरेचदा सुटतो. वय चाळिशीच्या आत, दुखणं तीन महिन्यांहून जुनं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ अंग ताठलेलं, आणि आराम केला की त्रास वाढतो, हिंडलं-फिरलं की कमी होतो. अशा वेळी खुर्चीला दोष देत बसू नका, संधिवाताच्या तज्ज्ञाला दाखवा.

गरोदर बायकांनी आणि हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालेल्यांनी पुढचे व्यायाम आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावेत.

## टप्पा १: आपली कंबर कुठल्या दिशेला रुसते ते बघा

पाच मिनिटांचं काम आहे, पण कोणी करत नाही. बाकीचं सगळं यावर ठरतं.

१. उभे राहा. पाय खांद्यांइतके लांब. आत्ता दुखणं नेमकं कुठे आहे ते बोटानं दाखवा: कंबरेच्या मधोमध, एका बाजूला, की नितंबात, मांडीत, पोटरीत?

२. सावकाश पुढे वाका, जेवढं सहज जमेल तेवढंच. परत सरळ व्हा. असं चार-पाच वेळा.

३. आता दोन्ही हात कंबरेवर ठेवून सावकाश मागे वाका, गुडघे सरळ. हेही चार-पाच वेळा.

पुढे वाकून त्रास वाढला आणि मागे वाकून हलकं वाटलं, तर बसून धरलेल्या कंबरेचा हा नेहमीचा नमुना. पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

मागे वाकल्यावर त्रास वाढतो आणि बसल्यावर उलट बरं वाटतं, असं असेल तर मामला वेगळा. विशेषतः पन्नाशी-साठीनंतर, चालताना पाय भरून येतात आणि बाकावर बसलं की उतरतात, अशी तक्रार असेल तर मणक्यातली नसांची वाट अरुंद झालेली असू शकते. त्यांनी चौथ्या टप्प्यातलं पालथं झोपणं वगळायचं आणि एकदा तपासून घ्यायचं.

तपासणी: दुखणं पायात उतरत असेल तर ते कुठपर्यंत जातं ते वहीत लिहून ठेवा: "डावी पोटरी, मध्यापर्यंत." दोन आठवड्यांनी याच नोंदीवरून सुधारणा कळणार आहे.

## टप्पा २: बैठक दुरुस्त करा

लहानपणापासून ऐकलेला "ताठ बस" हा सल्ला दिवसभराच्या कामासाठी फारसा उपयोगाचा नाही. १९९९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी एका माणसाच्या कंबरेच्या मणक्यांमधल्या गादीत दाबमापक बसवून निरनिराळ्या स्थितींतला दाब मोजला. सरळ उभं असताना दाब ०.५ मेगापास्कल आला, मुद्दाम ताठ बसल्यावर ०.५५, पूर्ण पुढे वाकून बसल्यावर ०.८३, आणि खुर्चीत मागे निवांत रेलून बसल्यावर जेमतेम ०.३. माणूस एकच होता, त्यामुळे आकडे ब्रह्मवाक्य समजू नका. पण त्यातून निघणारी गोष्ट मी रोज बघते: वाईट पोक, बरं ताठ आणि सगळ्यात सोपं टेकून. ताठ बसणारा माणूस वीस मिनिटांत दमतो आणि दमला की थेट पोकच काढतो.

तर बैठक अशी लावायची.

पाय आधी. तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. टेबल उंच म्हणून खुर्ची वर घेतली आणि पाय लोंबकळले, हे कार्यालयांत सर्रास दिसतं, ठेंगण्या माणसांच्या बाबतीत तर हमखास. खुर्ची वरच ठेवा, पण पायाखाली पाट किंवा जाड रद्दीचा गठ्ठा घ्या. गुडघे खुब्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली.

मग बूड. ते खुर्चीच्या पाठीला पार मागे टेकवा. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. लोक खुर्चीच्या मधोमध बसतात आणि मग मागे रेलतात. कंबर आणि खुर्ची यांच्यात पोकळी राहते, वरचं धड मागे आणि कंबर अधांतरी. आधी उठल्यासारखं करून बूड मागे सरकवायचं, नंतर टेकायचं. गुडघ्यामागे आणि खुर्चीच्या कडेमध्ये दोन-तीन बोटं जातील एवढी जागा हवी. तेवढी राहत नसेल तर खुर्ची तुमच्यासाठी खोल आहे, पाठीमागे उशी घ्या.

टॉवेलची गुंडाळी. आंघोळीचा टॉवेल लांबीला दुमडून घट्ट गुंडाळा, दोन्ही टोकांना रबर लावा. साधारण मनगटाएवढी जाडी पुरे. ती पट्टा बांधतो त्या उंचीवर, कंबरेच्या खळगीत ठेवा. बरगड्यांच्या मागे नाही आणि माकडहाडावरही नाही. दोन मिनिटांत ती टोचू लागली तर जाडी जास्त आहे, एक वेढा उलगडा. महागड्या खुर्चीच्या आधी हा टॉवेल वापरून बघा, असं मी प्रत्येकाला सांगते. खुर्ची विकणाऱ्यांना ते आवडत नाही.

खुर्चीची पाठ किंचित मागे, नव्वद अंशांच्या थोडी पलीकडे, शंभर-एकशेदहापर्यंत.

पडदा आणि हात. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. कोपर अंगाजवळ, साधारण काटकोनात. लॅपटॉपवर या दोन्ही गोष्टी एकदम जमणं अशक्य आहे: पडदा बरोबर आला तर हात वर जातात, हात बरोबर आले तर मान खाली जाते. चार तासांहून जास्त काम असेल तर वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्या, आणि लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवा. याला पर्याय मला अजून सापडलेला नाही.

घरून काम करणारे बहुतेक जण यातलं काहीच करत नाहीत. ते पलंगावर उशी मांडीत घेऊन बसतात, नाहीतर जेवणाच्या टेबलाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. प्लॅस्टिकची खुर्ची मागे खोलगट असते, ती कंबर आत ओढून घेते. टॉवेल जाड केला तर चालून जाते. पलंग मात्र चालत नाही.

जमिनीवर बसणाऱ्यांसाठी. मांडी घालून बसण्यात वाईट काही नाही. पण गुडघे खुब्यांच्या वर राहत असतील तर कंबर गोल झालीच म्हणून समजा. बुडाखाली चार बोटं जाडीची घट्ट उशी किंवा दुमडलेली सतरंजी घ्या. पाय पुढे नको, फक्त बूड त्यावर. गुडघे खाली येतात आणि कंबर आपोआप उभी राहते. दुकानात गादीवर बसणाऱ्यांनी लोड पाठीच्या मधोमध न ठेवता कंबरेला लागेल असा खाली सरकवावा.

पाकीट. मागच्या खिशातलं पाकीट बसण्याआधी काढा. एका बाजूला दोन सेंटिमीटरची पाचर ठोकून माणूस दिवसभर बसतो आणि मग विचारतो, उजव्याच नितंबात का दुखतं.

प्रवास. गाडीत सीट पुढे घ्या, क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. टॉवेलची गुंडाळी इथेही. दुचाकीवर पाठीला जड सॅक लटकवू नका, तिचं वजन मागच्या सीटवर टेकू द्या. खड्डा दिसला की पायांवर थोडा भार घेऊन बूड सीटवरून किंचित उचला. आणि मुंबईकरांनो, लोकलमधली चौथी सीट. अर्धं बूड बाहेर, धड पिळलेलं, एक पाय वाटेत रोवलेला. कंबर दुखत असेल तर डोंबिवलीपर्यंत उभे राहा, ते परवडलं.

तपासणी: बैठक लावल्यावर डोळे मिटून विचारा, वजन दोन्ही बाजूंना सारखं आहे का? कंबरेला टॉवेल लागतोय का? खांदे कानांपासून लांब आहेत का? तिन्हींना हो आलं की पुढे.

## टप्पा ३: उठायचं वेळापत्रक लावा

उत्तम खुर्चीत उत्तम बसलात तरी दोन तास सलग नाही. वीसेक मिनिटं कंबर वाकलेल्या स्थितीत राहिली की अस्थिबंध हळूहळू सैलावतात. उठल्यावर दोन मिनिटांत ते जेमतेम निम्मे सावरतात, पूर्ण सावरायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. बैठकीतून उठून लगेच वजन उचललं की उसण भरते ती यामुळेच. तीन तास गाडी चालवून गावी पोचायचं आणि उतरल्या उतरल्या डिकीतून तांदळाचं पोतं उचलायचं, हे हमखास कंबर धरण्याचं साधन आहे. आधी पाच मिनिटं अंगणात फिरा, हातपाय धुवा, चहा घ्या. पोतं कुठे पळून जात नाही.

कामाच्या जागी असं करा:

१. दर अर्ध्या तासाला उठा. मोबाइलवर गजर लावा. आठवण राहील या भरवशावर राहू नका, कामात बुडालेल्याला राहत नाही.

२. उठल्यावर हात वर करून एक मोठा श्वास, मग हात कंबरेवर ठेवून पाच वेळा सावकाश मागे वाका. वीस पावलं चाला. सगळं मिळून एक मिनिट.

३. पाण्याची बाटली छोटी ठेवा. एक लिटरची बाटली टेबलावर असली की माणूस उठतच नाही.

४. फोन आला की उभं राहून बोला.

चूक: दोन तास बसून मग पंधरा मिनिटं फिरणं. हिशेब सारखा दिसतो, पण कंबरेला तो मान्य नाही. तिला थोडं-थोडं आणि वारंवार लागतं.

## टप्पा ४: ताण देण्याचे व्यायाम, याच क्रमाने

वेळ संध्याकाळची बरी, कामावरून आल्यावर किंवा आंघोळीनंतर. जेवणानंतर दोन तास नको. पातळ गादी किंवा सतरंजी घ्या. खाली दिलेला पलंगाच्या कडेचा एक पर्याय सोडला तर ताणाचे व्यायाम पलंगावर करू नका, तो दबतो. प्रत्येक ताण वीस ते तीस सेकंद, दोन्ही बाजूंना दोन-दोन वेळा. झटके द्यायचे नाहीत. ओढल्यासारखं वाटलं पाहिजे, दुखल्यासारखं नाही, आणि श्वास कोंडला तर समजा की जास्त झालं.

१. पालथं झोपणं. पोटावर झोपा, हात अंगाशी, मान एका बाजूला. दोन मिनिटं काही करू नका. मग कोपरांवर या, सापानं फणा अर्धा उचलावा तसं, आणि पोट सैल सोडून आणखी दोन मिनिटं. हे सहज जमलं तर तळहात खांद्यांजवळ टेकवून छाती वर ढकला आणि परत खाली या, दहा वेळा.

हे भुजंगासनासारखं दिसतं, पण एक फरक आहे. इथे पाठीच्या स्नायूंनी उचलायचं नाही, काम हातांनी करायचं. नितंब आवळायचे नाहीत, माकडहाडाचा भाग जमिनीला लोंबू द्यायचा. योगासनं केलेल्या लोकांना हे सैल सोडणंच जमत नाही.

इशारा: हे करताना पायातलं दुखणं वर सरकून कंबरेत गोळा झालं, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ते चांगलं लक्षण आहे. उलट कंबरेतलं दुखणं खाली पोटरीत उतरू लागलं किंवा मुंग्या वाढल्या, तर तिथेच थांबा. हा नियम पुढच्या सगळ्या व्यायामांना लागू.

२. मार्जारासन. हात आणि गुडघ्यांवर या. पाठ छताकडे उचला, मग कंबर खाली सोडा. सहा ते आठ वेळा, बस. टोकापर्यंत ताणायचं नाही. गंजलेली बिजागरी तेल घालून हलवावी तेवढंच.

३. खुब्याच्या पुढचा भाग. एकच व्यायाम करायला वेळ असेल तर हा करा. आणि सगळ्यात जास्त चुकतो तोही हाच.

उजवा गुडघा दुमडलेल्या सतरंजीवर टेकवा, डावा पाय पुढे, तळवा जमिनीवर, दोन्ही गुडघ्यांत काटकोन. आधार लागला तर शेजारी खुर्ची ठेवा. आता पुढे सरकायच्या आधी एक काम: उजवा नितंब घट्ट आवळा आणि माकडहाड खाली-आत ओढा, कुत्रं शेपूट पायांत घालतं तसं. एवढ्यानंच उजव्या जांघेच्या पुढे ताण जाणवेल. तो टिकवून दोन-तीन इंच पुढे सरका, जास्त नाही. मग उजवा हात वर घ्या. तीस सेकंद. मग बाजू बदला.

चूक अशी होते: शेपूट आत न घेता माणूस खूप पुढे सरकतो, कंबर मागे वाकते, आणि ताण जांघेत यायच्या ऐवजी दाब कंबरेत येतो. वर तो म्हणतो, "मी तर अगदी खालपर्यंत जातो." खालपर्यंत जाण्याला इथे बक्षीस नाही.

तपासणी: बोटं जांघेच्या पुढच्या बाजूला ठेवा. ताण बोटांखाली आहे? बरोबर. कंबरेत आहे? मागे या, पुन्हा नितंब आवळा.

गुडघा टेकवता येत नसेल तर पलंगाच्या कडेला उताणे झोपा, एक गुडघा छातीशी धरा, दुसरा पाय कडेवरून खाली सोडा.

४. चौकडा. उताणे झोपा, गुडघे वाकवा. उजवा घोटा डाव्या गुडघ्याच्या किंचित वर ठेवा. डाव्या मांडीला मागून धरून छातीकडे ओढा. ताण उजव्या नितंबात खोलवर येतो. उजव्या गुडघ्यात दुखलं तर सोडा. हाच व्यायाम कार्यालयात खुर्चीत बसूनही होतो: घोटा मांडीवर ठेवायचा आणि पाठ सरळ ठेवून खुब्यातून पुढे झुकायचं.

५. मांडीमागचा भाग. उताणे झोपूनच. जुनी ओढणी किंवा पंचा तळव्याला अडकवा आणि पाय सरळ वर घ्या. दुसरा गुडघा वाकलेला चालेल. पाय साठ अंशांवर आला तरी पुरे. उभं राहून वाकून हा ताण देऊ नका, तिथे मांडी कमी आणि कंबर जास्त ताणली जाते. पोटरीत किंवा तळव्यात मुंग्या आल्या, वीज गेल्यासारखं वाटलं, तर तो स्नायूचा ताण नाही, नसेचा आहे. पाय खाली घ्या आणि तो व्यायाम सध्या बंद ठेवा.

६. दाराची चौकट. कोपर खांद्याच्या उंचीवर चौकटीला टेकवून एक पाऊल पुढे. छाती उघडते. लहानसा व्यायाम आहे, पण पोक वरून सुरू होतं, म्हणून सोडू नका.

सगळं मिळून पंधरा मिनिटं. पिळण्याचे प्रकार यात मुद्दाम ठेवलेले नाहीत. खुर्चीत बसून कंबर फिरवून "कट्ट" आवाज काढण्याची अनेकांना सवय असते. त्यानं क्षणभर सुटल्यासारखं वाटतं आणि तासाभरात पुन्हा काढावासा वाटतो. दुखत असेपर्यंत तो बंद.

## टप्पा ५: दुसऱ्या आठवड्यापासून ताकद

ताण देऊन आराम पडतो, पण टिकत नाही. बसणारा माणूस तोच, खुर्ची तीच. दुखणं निम्म्यावर आलं की हे तीन व्यायाम जोडा, एक दिवसाआड.

१. सेतुबंधासन. उताणे, गुडघे वाकलेले. आधी नितंब आवळा, मग कंबर उचला. पाच सेकंद धरा, दहा वेळा. मांडीच्या मागे पेटके आले तर टाचा बुडाजवळ घ्या.

२. उजवा हात, डावा पाय. हात-गुडघ्यांवर येऊन विरुद्ध बाजूंचे हात आणि पाय सरळ लांब करा. पाय कंबरेच्या वर जाऊ देऊ नका. कंबरेवर पाण्यानं भरलेला पेला आहे असं समजा.

३. कुशीवरचा उचल. कुशीवर, कोपर आणि वाकलेल्या गुडघ्यांवर भार देऊन खुबा वर उचला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या व्यायामात आठ-दहा सेकंदांच्या वर धरायचं नाही. ताकद वाढली की वेळ नाही, संख्या वाढवायची. मिनिटभर थरथरत धरून राहणं हा कंबर दुखत असताना पराक्रम नाही.

याच्या जोडीला चालणं. सुरुवातीला दहा-दहा मिनिटं दिवसातून तीनदा, हात हलते ठेवून. दुखतं म्हणून अंथरुणाला खिळून राहणं हा जुना सल्ला आता कोणी देत नाही. एक-दोन दिवस कमी हालचाल ठीक, त्यापुढे झोपून राहिलं तर बरं व्हायला उशीरच लागतो.

## टप्पा ६: सकाळचा पहिला तास

रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा दीड-दोन सेंटिमीटर जास्त भरते ती यामुळे. फुगलेली गादी वाकवायला कडक असते, म्हणून सकाळचं वाकणं तिला जास्त जाचतं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जुनी कंबरदुखी असलेल्यांना फक्त सकाळचे पहिले दोन तास पुढे वाकणं टाळायला शिकवलं, आणि तेवढ्यानं त्यांचं दुखणं कमी झालं.

आपल्या घरांत मात्र वाकण्याची सगळी कामं नेमकी त्याच वेळी असतात: अंथरुणं काढणं, केर, लादी, अंगणातली रांगोळी, पाण्याच्या बादल्या. दुखणं असेपर्यंत ही कामं तासभर पुढे ढकला किंवा घरातल्या दुसऱ्यावर सोपवा. कंबर दुखणाऱ्या बाईनंच ती करावीत असा काही नियम नाही. केरसुणीऐवजी लांब दांड्याचा झाडू घ्या. बूट-मोजे पाय स्टुलावर ठेवून घाला. तोंड धुताना एक हात बेसिनवर टेकवा.

उठतानाही थेट उताण्यावरून उठून बसू नका. कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा, हातानं रेटा देऊन उठा. झोपताना कुशीवर असाल तर गुडघ्यांच्या मध्ये उशी, उताणे असाल तर गुडघ्यांखाली.

शिंक येतेय असं वाटलं तर बसल्या जागी वाकून शिंकू नका. उभे राहा, भिंतीला हात टेका, पाठ सरळ ठेवून शिंका. कंबर धरण्याच्या कितीतरी गोष्टी "काही नाही हो, नुसती शिंक आली" इथून सुरू होतात.

## टप्पा ७: दोन आठवड्यांनी वही उघडा

पहिल्या टप्प्यातली नोंद काढा. दुखणं पायातून वर सरकलंय का? सलग किती मिनिटं बसता येतं? सकाळी मोजे घालायला किती जड जातं? या तीनपैकी दोन गोष्टी सुधारल्या असतील तर चालू ठेवा, सहा आठवड्यांपर्यंत. मधे एखादा दिवस वाईट जातो, तेव्हा पालथं झोपणं आणि चालणं एवढंच करा, हवा तर वीस मिनिटं शेक घ्या. काहीच हललं नसेल, किंवा दुखणं पायात आणखी खाली गेलं असेल, तर फिजिओथेरपिस्ट किंवा अस्थिरोगतज्ज्ञाला प्रत्यक्ष दाखवा.

पहिल्याच आठवड्यात स्वतःहून एमआरआय काढून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० जणांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३० टक्के लोकांत गादी फुगलेली दिसली, पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांत. अहवालात "गादी सरकली" असं लिहून आलं म्हणजे दुखणं तिचंच, असं ठरत नाही. अहवाल हातात पडल्यापासून वाकायला घाबरणारी माणसं मी बघते, आणि ती भीती घालवायला व्यायामापेक्षा जास्त वेळ लागतो.

कंबरपट्ट्याबद्दल सगळेच विचारतात. लांबचा प्रवास किंवा लग्नघरातली धावपळ असेल तर दोन-चार तास बांधा, घरी आल्यावर काढा. खुर्चीत बसताना त्याचा उपयोग टॉवेलपेक्षा जास्त नाही. आणि तो टॉवेल महिनाभरात चपटा होतो, तेवढा उलगडून पुन्हा घट्ट गुंडाळायला विसरू नका.